डोलत्या डेकवर हेलिकॉप्टर उतरतं तरी कसं?

विधानसभेच्या निवडणुकीत आमच्या शाळेच्या पटांगणावर एका नेत्याचं हेलिकॉप्टर उतरलं. दोन दिवस आधीपासून तयारी चालली होती. पटांगणातले खडे आणि काड्या वेचल्या, चुन्याने मोठा गोल आखून आत इंग्रजी एच काढला आणि सकाळी टँकरने पाणी मारलं, कारण कोरडी माती उडाली की वैमानिकाला खालचं काही दिसत नाही. एवढं करूनही ते खाली येताना असा वारा सुटला की मंडपाची कनात फाटली आणि माणसं टोप्या, पदर सावरत मागे सरली.

हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. म्हणूनच २०२५ च्या डिसेंबरात गावात एक प्रश्न निघाला. १७ डिसेंबरला गोव्यात आयएनएस हंसा या नौदलाच्या तळावर एमएच-६०आर सीहॉक हेलिकॉप्टरांचं दुसरं पथक दाखल झालं. बातमी मोबाइलवर फिरली, तिच्यासोबत जहाजाच्या मागच्या टोकावर हेलिकॉप्टर उतरतानाचा व्हिडिओही. आमच्याकडे तेव्हा धानाची चुरणी चालू होती. रात्री खळ्यावर शेकोटीशी बसलेल्या एका शेतकऱ्याने तो व्हिडिओ पाहिला आणि म्हणाला, "आपल्या शाळेत उतरते तं तिथं उतरायले काय झालं? जहाज तं सपाटच असते ना बाप्पा."

माझा भाचा नौदलात एअरक्राफ्ट हँडलर आहे. जहाजावर हेलिकॉप्टर उतरवून घेणं, बांधणं, ढकलत आत नेणं ही त्याची कामं. तो सुट्टीवर आला होता आणि त्याच शेकोटीपाशी बसला होता. त्याने उत्तर द्यायला सुरुवात केली आणि ते तीन रात्री चाललं. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. त्याचं ऐकताना फळ्यावर वर्षानुवर्षं लिहिलेली सूत्रं मला पहिल्यांदाच घाम गाळताना दिसली, म्हणून हे लिहायला बसलो. भंडाऱ्याकडच्या आमच्या गावाला मुंबईपेक्षा विशाखापट्टणमचा समुद्र जवळ, आणि तोही पाचशे किलोमीटरच्या पुढे. बहुतेकांनी समुद्र पाहिलेला नाही. तेव्हा उदाहरणं वैनगंगेची आणि खळ्यावरचीच घेतो.

आधी वरचा पंखा समजून घेऊ

हेलिकॉप्टरच्या डोक्यावर फिरणाऱ्या पात्यांच्या चक्राला रोटर म्हणतात. कूलरचा पंखा हवा समोर फेकतो, तसा रोटर हवा खाली फेकतो. हवा खाली ढकलली की त्या बदल्यात यंत्र वर उचललं जातं. सीहॉकचं वजन पूर्ण भरल्यावर दहा टनांच्या वर जातं. एवढं वजन अधांतरी धरायचं, तर किती हवा किती जोराने खाली फेकावी लागत असेल याचा अंदाज आमच्या फाटलेल्या कनातीवरून येतो.

यातल्या दोन गोष्टी पुढे लागणार आहेत. पहिली अशी की जमिनीच्या अगदी जवळ आल्यावर खाली फेकलेली हवा जमिनीवर अडते आणि हेलिकॉप्टरखाली गादीसारखी साचते. या गादीमुळे कमी जोरात तरंगता येतं. दुसरी गोष्ट म्हणजे ही पाती ताठ दिसतात, पण मुळात लवचीक असतात. थांबलेल्या हेलिकॉप्टरची पाती टोकाला खाली झुकलेली दिसतात. धानावरची पाखरं हाकलायच्या गोफणीची दोरी हातात नुसती लोंबते, गरगर फिरवली की काठीसारखी ताणली जाते. रोटरचंही तसंच आहे. त्याचा ताठपणा फिरण्यातून येतो. वेग कमी झाला की ताठपणाही गेला.

जहाजाला हे लोढणं हवंच कशाला?

शेकोटीवरचा हा दुसरा प्रश्न होता आणि रास्त होता. जहाजावर तोफा आहेत, क्षेपणास्त्रं आहेत, मग हे कशाला?

शेतात राखणीला माळा कशाला बांधतात? उंचावरून लांबचं दिसतं म्हणून. पृथ्वी गोल आहे, त्यामुळे समुद्रात नजर एका अंतरापुढे जातच नाही, पाणीच आड येतं. जहाजावर वीस मीटर उंचीवर उभ्या माणसाला साधारण सोळा किलोमीटरपर्यंतचं पाणी दिसतं. हजार मीटर उंचीवरच्या हेलिकॉप्टरमधून हेच अंतर एकशे दहा किलोमीटरच्या पुढे जातं. रडारचं गणितही जवळपास असंच. म्हणजे हेलिकॉप्टर हा जहाजाचा उडता माळा आहे. आपल्या नौदलाकडे कामोव्ह-३१ नावाची रशियन हेलिकॉप्टरं आहेत. त्यांच्या पोटाखाली मोठं रडार उलगडतं आणि त्यांचं मुख्य काम राखणीचंच.

त्याहून मोठं कारण पाण्याखाली आहे. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवच्या जवळ आयएनएस खुकरी हे आपलं जहाज पाकिस्तानच्या हंगोर या पाणबुडीने बुडवलं. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून निघाले नाहीत. खुकरी त्या भागात पाणबुडी शोधायलाच गेली होती. शिकारी आणि शिकार दोघंही एकाच पाण्यात होते आणि पाणबुडीने आधी वार केला. खुकरी लहान होती, तिच्यावर हेलिकॉप्टर ठेवायला जागाच नव्हती. पाणबुड्या शोधणारी सी किंग हेलिकॉप्टरं आपल्याकडे आली ती त्याच वर्षी.

हेलिकॉप्टर हे कसं बदलतं? पाण्यात आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकणाऱ्या यंत्राला सोनार म्हणतात. विहिरीत बादली सोडावी तसं हेलिकॉप्टर हवेत एका जागी थांबून सोनार खाली पाण्यात सोडतं, ऐकतं, वर ओढतं आणि काही किलोमीटर पुढे जाऊन पुन्हा सोडतं. पुढची बादली कुठे पडणार हे पाणबुडीला कळत नाही. तिचा टॉर्पेडो, म्हणजे पाण्यातून धावणारा बाँब, हवेतल्या हेलिकॉप्टरला लागू शकत नाही. जहाज मात्र स्वतःच्या इंजिनांच्या आवाजासकट तिच्या टप्प्यात असतं. एवढा एक फरक समजला की प्रत्येक मोठ्या युद्धनौकेच्या मागच्या टोकाला मोकळी जागा का राखलेली असते ते समजतं.

आणि माणसं वाचवणं. ६ मार्च २०२४ ला कोचीच्या आयएनएस गरुड तळावर सीहॉकचं पहिलं पथक दाखल झालं. नेमकं त्याच दिवशी एडनच्या आखातात ट्रू कॉन्फिडन्स या मालवाहू जहाजावर हल्ला झाला. खलाशी जहाज सोडून तराफ्यात उतरले होते. आपली युद्धनौका आयएनएस कोलकाता तिथे पोहोचली आणि स्वतःचं हेलिकॉप्टर व होड्या वापरून २१ जणांना बाहेर काढलं. त्यात एक भारतीय होता.

सपाट आहे, पण जागेवर नाही

आता मूळ प्रश्न. डेक म्हणजे जहाजाची वरची सपाट जमीन. आयएनएस कोलकाता सुमारे १६३ मीटर लांब आणि १७ मीटरच्या आसपास रुंद आहे. सीहॉकचा रोटर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १६ मीटरच्या वर भरतो. म्हणजे पाती फिरू लागली की जवळजवळ जहाजाची रुंदी झाकली जाते. समोर काही मीटरवर हँगरची, म्हणजे हेलिकॉप्टर ठेवायच्या खोलीची, लोखंडी भिंत. आमच्या पटांगणात नेत्याचं हेलिकॉप्टर दहा पावलं इकडेतिकडे उतरलं असतं तरी चाललं असतं. इथे दोन पावलांचा हिशेब आहे.

त्यात ही जमीन हलते. मी शेकोटीच्या उजेडात राखेवर आकडे काढून दाखवले. जहाज एका कुशीवर फक्त पाच अंश कललं, तर १७ मीटर रुंदीत एक कड पाऊण मीटर वर जाते, दुसरी पाऊण मीटर खाली. पाच अंश म्हणजे उघड्या समुद्रात फार काही नाही. जहाज पुढून-मागूनही डोलतं. बंडीत मागे भार जास्त झाला की ती उलाळ होते, जू वर उचललं जातं. लाटेवर जहाजाचं असंच होत राहतं, आलटून पालटून. हेलिकॉप्टरचा डेक नेमका मागच्या टोकाला असतो. जहाजाच्या मध्यापासून साठ मीटर मागे धरा. जहाज फक्त दोन अंश उलाळलं तरी तो डेक दोन मीटर वर जातो आणि पुढच्या झोक्यात दोन मीटर खाली. म्हणजे काही सेकंदांत चार मीटरचा फरक, एका मजल्याहून जास्त. शिवाय अख्खं जहाज लाटेसोबत वरखाली होतं ते वेगळंच. हे सगळं एकाच वेळी चालू असतं आणि जहाज पुढेही जात असतं.

पुढे जाण्यावरून एक गोष्ट. जहाजाचा वेग नॉटमध्ये मोजतात. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. हेलिकॉप्टर तीन तासांसाठी निघालं आणि जहाज वीस नॉटने चाललं, तर परत येईपर्यंत जहाज शंभरावर किलोमीटर सरकलेलं असतं. भंडाऱ्याहून नागपूरला जाऊन जवळजवळ परत येण्याइतकं हे अंतर. शाळेचं पटांगण निदान होतं तिथे सापडतं.

भिंतीमागे कोणी धान उपणतं का?

भाच्याने हे विचारलं तेव्हा शेकोटीवरचे म्हातारे एकदम ताठ बसले. उपणणारा माणूस आधी वाऱ्याची दिशा पाहतो, मग तिवई मांडतो आणि मगच सूप उचलतो. खळ्याच्या भिंतीच्या आडोशाला तो कधीच उभा राहत नाही. भिंतीवरून आलेला वारा पलीकडे सरळ उतरत नाही, गरगरतो, आणि उडालेला कोंडा उलटून तोंडावर येतो.

जहाजाचं वरचं बांधकाम आणि हँगर मिळून अशीच एक भिंत होते. समोरून येणारा वारा तिच्यावरून उलटतो आणि मागच्या डेकवर भोवऱ्यासारखा फिरतो. तिथेच हेलिकॉप्टरला उतरायचं आहे. रोटरच्या एका बाजूला वर उचलणारा झोत लागतो, दुसऱ्या बाजूला खाली दाबणारा, आणि पुढच्या क्षणी उलट. त्यात मघाशी सांगितलेली हवेची गादी. हेलिकॉप्टर समुद्रावरून डेकवर सरकतं तेव्हा अर्ध्या रोटरखाली डेक असतो आणि अर्ध्याखाली बरंच खोल असलेलं पाणी. एका अंगाला गादी, दुसऱ्याला नाही. डेक अचानक दोन मीटर खाली गेला की आहे ती गादीही निघून जाते. वैमानिकाचे हात आणि पाय यातल्या प्रत्येक बदलाला क्षणाक्षणाला उत्तर देत असतात.

मग जहाज काय करतं? तेही तिवई हलवतं. हेलिकॉप्टर यायच्या वेळी कप्तान जहाज वळवतो, वेग कमीजास्त करतो आणि वारा समोरून, थोडा तिरपा, ठरलेल्या कोनात येईल असं बघतो. समोरचा वारा हेलिकॉप्टरला मदतच करतो. पतंग उडवणारा पोर वाऱ्याकडे तोंड करून धावतो, तेच तत्त्व. किती वारा, कुठल्या कोनातून आणि किती डोलणं चालेल, याचा एक तक्ता असतो. तो प्रत्येक जहाज आणि प्रत्येक हेलिकॉप्टर यांच्या जोडीसाठी वेगळा लागतो, कारण प्रत्येक जहाजाची भिंत वेगळी आणि प्रत्येक रोटर वेगळा. म्हणून नवीन हेलिकॉप्टर आलं की लगेच सगळ्या जहाजांवर वापरता येत नाही. २०२३ च्या मे महिन्यात सीहॉक पहिल्यांदा आयएनएस कोलकातावर उतरलं तेव्हा नौदलाने त्याची वेगळी बातमी दिली होती, ती उगीच नाही. एकाची दुसऱ्याशी सोयरीक जुळवण्याची ती सुरुवात असते.

हे ऐकल्यापासून माझी एक समजूत बदलली. मला वाटायचं वैमानिक उतरतो आणि जहाज खाली नुसतं असतं. प्रत्यक्षात शेकडो माणसांचं जहाज एका हेलिकॉप्टरसाठी आपली वाट सोडून वळतं. लढाईच्या काळात असं वळणं धोक्याचंही असू शकतं, तरी वळतं.

डोंग्यात पाय टाकायची वेळ

वैनगंगेच्या घाटावर डोंग्यात चढताना आपण काय करतो? डोंगा वर येतो, खाली जातो. पोरं घाई करतात आणि भिजतात. जाणते एक-दोन हेलकावे बघतात, एखादा क्षण तो जरा निवतो, त्या क्षणी पाय टाकतात आणि टाकला की पूर्ण भार देतात. एक पाय घाटावर, एक डोंग्यात असं ठेवत नाहीत.

हेलिकॉप्टर उतरवण्याची रीत हीच आहे. ते मागून, एका कुशीने जहाजाच्या जवळ येतं आणि जहाजाच्या वेगाने सोबत उडू लागतं. चालत्या बंडीवर मागून चढणारा आधी बंडीच्या चालीने चार पावलं चालतो, तसं. मग आडवं सरकत डेकच्या वर येतं आणि थांबतं. इथे शिकाऊ वैमानिकाला पहिला धडा मिळतो, तो असा की डेकच्या मागे पळायचं नाही. डेक वर आला म्हणून आपण वर, खाली गेला म्हणून आपण खाली, असं केलं तर दोघांच्या हालचाली उलटसुलट होऊन टक्कर ठरलेली. त्याने नजर पायाखाली न ठेवता क्षितिजावर ठेवायची. रात्री क्षितिज दिसत नाही, म्हणून काही जहाजांच्या हँगरवर एक उजळ आडवी पट्टी असते. जहाज कितीही कललं तरी ती समतल राहते. काळ्याकुट्ट अंधारात बाहेर बघणाऱ्या वैमानिकाला खरं आडवं काय हे ती सांगते.

लाटा एकसारख्या नसतात. मोठ्या लाटांच्या ओळीनंतर काही सेकंद जहाज शांत होतं. डेकवर उभा असलेला फ्लाइट डेक ऑफिसर त्या क्षणाची वाट पाहत हाताने खुणा करत असतो. क्षण आला की हेलिकॉप्टर ठामपणे खाली बसतं. हळुवार उतरणं इथे चुकीचं, कारण अर्धवट टेकलेलं हेलिकॉप्टर पुढच्या झोक्यात घसरतं. आणि त्या अधिकाऱ्याने दोन्ही हातांनी 'वर जा' अशी खूण केली, तर वैमानिकाने कारण न विचारता वर जायचं. हुद्द्याने वैमानिक मोठा असला तरीही.

आमच्या गावात एक जण चाळीस वर्षं डोंगा चालवत आले. ते हे सगळं मुकाट्याने ऐकत होते. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "पुरात चढवतेत का?" म्हणजे समुद्र खवळलेला असताना उडवतात का. भाचा म्हणाला, तक्त्याच्या बाहेर गेलं की नाही. युद्धाची किंवा कोणाच्या जिवाची वेळ असेल तर निर्णय कप्तानाचा. त्यांना ते पटलं. पुरात डोंगा सोडायचा की नाही, हा निर्णय त्यांनी आयुष्यभर केला आहे.

उतरलं, आता बांधा

चाकं टेकली म्हणजे काम संपलं, असं मला वाटत होतं. भाच्याचं काम तिथून सुरू होतं. दहा टनांचं यंत्र ओल्या, कलणाऱ्या लोखंडावर उभं असतं. डोक्यावर पाती फिरत असतात. त्याखालून चार पोरं वाकून धावतात, चाकांना अडण्या लावतात आणि साखळ्यांनी हेलिकॉप्टर डेकमधल्या कड्यांना जखडतात. भाचा म्हणाला की पहिल्या वेळी त्याला साखळीचा हुक दिसतच नव्हता, डोळ्यांत खारं पाणी आणि कानात नुसता गडगडाट. हात आपोआप चालेपर्यंत हेच काम शेकडो वेळा करून घेतात.

हा धोका इंजिन बंद करताना वाढतो. गोफण आठवा. वेग उतरला की पाती ढिली पडतात आणि त्याच वेळी भिंतीमागचा वारा त्यांना वर उचलतो, खाली आपटतो. असं हेलकावणारं पातं हेलिकॉप्टरच्या स्वतःच्या शेपटीला लागू शकतं, किंवा खाली वाकलेल्या माणसाला. म्हणून पाती थांबवायला ब्रेक असतो, तो मधला धोक्याचा वेग झटकन पार व्हावा यासाठी. सुरू करतानाही हीच चिंता.

वादळी समुद्रांत वावरणाऱ्या कॅनडाच्या नौदलाने १९६० च्या दशकात यावर एक युक्ती काढली, तिचं नाव बेअरट्रॅप, अस्वलाचा सापळा. हेलिकॉप्टर डेकवर तरंगत असताना त्याच्या पोटातून एक तार खाली सोडतात. तिला जहाजाची जाड तार जोडून वर घेतात आणि मग जहाजावरचं यंत्र ती खाली ओढतं, हेलिकॉप्टर मात्र वर जाण्याचा जोर लावत राहतं. ऐकायला उलटं वाटतं. पण मस्तीत आलेल्या गोऱ्ह्याला आपण कसं नेतो? दावं ढिलं सोडलं की तो इकडेतिकडे उधळतो, ताणून धरलं की सरळ चालतो. ताणलेली तार हेलिकॉप्टरला नेमकं डेकच्या मध्यावर आणते, आणि टेकताच पोटाखालचा दांडा लोखंडी जबड्यात अडकतो. तोच जबडा रुळावरून सरकत त्याला हँगरमध्ये ओढून नेतो. १९८० आणि १९८१ मध्ये आपल्याकडे दाखल झालेल्या तारागिरी आणि विंध्यगिरी या जहाजांवर ही कॅनडाची व्यवस्था बसवली होती, म्हणून त्यांच्यावर जड सी किंग ठेवता आलं. त्यांच्याच जातीच्या आधीच्या जहाजांवर छोटं चेतक हेलिकॉप्टर असायचं. १९८३ मध्ये आयएनएस गोदावरी आली तेव्हा एका मध्यम जहाजावर दोन सी किंग ठेवण्याची सोय झाली. ते जहाज आपल्याच आरेखकांनी आखलेलं होतं.

एक छोटं काम राहिलं, पण मला तेच सगळ्यात आवडलं. उड्डाणाआधी खलाशी डेकभर एका ओळीत, खाली बघत, हळूहळू चालतात. एखादा स्क्रू, तारेचा तुकडा, काहीही दिसलं की उचलतात. रोटरच्या वाऱ्याने उडालेला खिळा इंजिनात गेला तर इंजिन जातं. हे सांगताना भाचा उठून वाकून चालून दाखवू लागला. माझी बहीण हसली, "हे तं धानाची रोवणीच होय."

घडी आणि मीठ

हँगर लहान, पाती मोठी. म्हणून जहाजावरच्या हेलिकॉप्टरची पाती मागे दुमडता येतात. बगळ्याने पंख मिटावेत तशी. सीहॉकची शेपटीही वळते. हे नसेल तर उत्तम हेलिकॉप्टरही जहाजावर निरुपयोगी ठरतं. आपलं स्वदेशी ध्रुव हेलिकॉप्टर किनाऱ्यावरून काम करत आलं, पण त्याच्या पात्यांची घडी जहाजांच्या हँगरला पुरेशी नसल्याने ते युद्धनौकांवर सर्रास बसू शकलं नाही. कामोव्हची रशियन हेलिकॉप्टरं हा प्रश्न वेगळ्या प्रकारे सोडवतात. एकावर एक असे उलट फिरणारे दोन रोटर, त्यामुळे शेपटीवरचा छोटा पंखा लागतच नाही आणि यंत्र आखूड होतं.

मीठ तर सगळ्यांनाच पुरून उरतं. खताची गोणी ठेवलेली ट्रॉली दोन पावसाळ्यांत कशी गंजते ते आपल्याला माहीत आहे. समुद्रावरच्या हवेतच मीठ असतं, आणि हेलिकॉप्टर पाण्याजवळ तरंगत असताना त्याचाच वारा खारे तुषार वर उडवून इंजिनात ओढतो. म्हणून गोड्या पाण्याने धुणं हे रोजचं काम. जहाजावर गोडं पाणी मोजून वापरतात, तरी हेलिकॉप्टरच्या आंघोळीत काटकसर नाही.

पाण्यात पडलं तर?

हा प्रश्न माझ्या बहिणीने विचारला. बाकीचे थोडा वेळ गप्प झाले.

हेलिकॉप्टरचं इंजिन आणि गिअरबॉक्स वर, छतावर असतात. वजन डोक्यात असल्यामुळे पाण्यात पडलं की ते बहुतेक वेळा उलटं होतं. आतल्या माणसाला वर-खाली समजत नाही, नाकात पाणी जातं, अंधार असतो. म्हणून कोचीच्या आयएनएस गरुडवर खास तलाव आहे. हेलिकॉप्टरच्या आकाराच्या सांगाड्यात पट्टे बांधून बसवतात, सांगाडा पाण्यात सोडतात आणि उलटा करतात. शिकवणी अशी की घाबरून लगेच पट्टा सोडायचा नाही. आधी एका हाताने खिडकीची कड धरायची आणि हलणं थांबेपर्यंत ती सोडायची नाही. मग खिडकी ढकलायची, आणि शेवटी पट्टा. पट्टा आधी सोडला तर माणूस आत तरंगतो आणि बाहेरची वाट हरवतो. भाचा पोहायला शिकला तो आमच्या मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावात. तो म्हणाला की पाण्याची भीती तिथेच गेली होती, पण उलट्या अंधारात खिडकीची कड धरून थांबणं वेगळंच शिकावं लागतं.

ड्रोन असताना माणसं कशाला घालायची?

पोरांचा हा प्रश्न योग्य आहे, आणि पाळत ठेवण्याचं बरंच काम ड्रोन करतीलही. पण पाणबुडीवर टाकायचा एक हलका टॉर्पेडोच पावणेतीनशे किलोच्या घरात असतो. त्यासोबत सोनार, त्याची लांब तार, इंधन. एवढं उचलणारा ड्रोन म्हणजे हेलिकॉप्टरच झालं, आणि त्यालाही त्याच डोलत्या डेकवर उतरायचं आहे. तराफ्यातल्या जखमीला वर ओढून घ्यायला दारात माणूस लागतो. आणखी एकाने विचारलं की विमानवाहू जहाजं आहेत ना, सगळी तिथेच ठेवा. तशी आपल्याकडे दोनच, विक्रमादित्य आणि विक्रांत. एडनच्या आखातात त्या दिवशी कोलकाता होती.

शेवटच्या रात्री कोणीतरी म्हणालं की आपला धानाचा मुलूख, आपल्याला समुद्राचं काय. मी त्यांना खळ्याच्या कोपऱ्यातली मिश्रखताची रिकामी गोणी दाखवली. त्यातला पोटॅश आपल्या देशात निघत नाही, तो सगळा परदेशातून जहाजाने येतो. देशाचा परदेश व्यापार वजनाने मोजला तर पंचाण्णव टक्क्यांच्या आसपास समुद्रावरूनच होतो. २०२३ च्या शेवटी लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा अनेक जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. तो वळसा कोणाच्या तरी भाड्यात आणि कोणाच्या तरी गोणीच्या भावात निघतो.

माझी अकरावीची एक विद्यार्थिनी आईसोबत शेकोटीला आली होती. तिने विचारलं, "मुलींना घेतात का?" घेतात. २०२० च्या सप्टेंबरात कुमुदिनी त्यागी आणि रिती सिंग या दोन अधिकारी युद्धनौकांवरच्या हेलिकॉप्टरांत ऑब्झर्व्हर म्हणून निवडल्या गेल्या. ऑब्झर्व्हर म्हणजे मागे बसून रडार आणि सोनार वाचणारी, पाणबुडी कुठे आहे ते ठरवणारी व्यक्ती. २०२३ च्या मार्चमध्ये नौदलाच्या अग्निवीरांची पहिली तुकडी चिल्काहून शिकून बाहेर पडली, तिच्यातही मुली होत्या. त्या विद्यार्थिनीने भाच्याला आणखी दोन गोष्टी विचारल्या. बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र लागतं का, आणि चिल्का कुठे आहे. पहिल्याचं उत्तर हो. दुसऱ्यासाठी त्याने मोबाइलवर ओडिशाचा नकाशा उघडला आणि दोघं जण भंडाऱ्याहून तिकडे जाणारी रेल्वे शोधत बसली.